विहिरीवरची घंटा

आमचे हे लष्करातून पेन्शनीवर घरी आले, तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सरून विहिरींना पुन्हा पाणी लागलं होतं. नवरा कायमचा घरी आला की बाईला बरं वाटतं, असं सगळे धरूनच चालतात. मला वाटलंही बरं. पण खरं सांगू का? लग्न झाल्यापासून हा माणूस वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा आणि पाहुण्यासारखा राहून जायचा. आता तो रोज सकाळी चुलीपाशी येऊन "चहा झाला का?" म्हणून विचारायला लागला. त्याच्याशी काय बोलावं, त्याला कुठं बसवावं, हेच मला कळेना. मी माहेरची सांगलीची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली आणि तोंडानं फटकळ. उंब्रजजवळच्या आमच्या वाडीत माझं तोंड सगळ्यांना ठाऊक होतं, ह्यांनाच तेवढं नवीन होतं.

हे सिग्नलमध्ये होते. म्हणजे बंदुकीशी संबंध कमी आणि तारांशी जास्त. डोंगरातून टेलिफोनच्या तारा ओढायच्या, तुटल्या की जोडायच्या. घरी आल्यावर शेतात काही करावं म्हटलं, तर मामंजी, म्हणजे माझे सासरे, कुणाला कशाला हात लावू देत नसत. मग ह्यांनी घरातला चांगला चालणारा रेडिओ उघडला. तो परत बंद केला, तेव्हा काही स्क्रू बाहेरच राहिले. त्यानंतर रेडिओवर बातम्या लागायच्या, पण गाणी लागली की खरखर व्हायची. मी म्हटलं, "बाई गं, आता घड्याळाकडं वळू नका म्हणजे झालं."

तेवढ्यात ओढ्यापलीकडच्या मळ्यातली विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेली. तीही भरदुपारी, सगळी माणसं जेवायला घरी गेलेली असताना. चोरांनी बैलगाडीत घालून, वर कडबा टाकून नेली म्हणे. आमची मोटार तर नवीकोरी. मामंजींनी धसकाच घेतला. भाकरी बांधून घेऊन ते विहिरीवरच बसायला लागले, आणि उन्हानं डोकं दुखतंय म्हणून संध्याकाळी आमच्यावर ओरडायला लागले.

ह्यांना मात्र काम सापडलं. पुण्याला जाऊन जुन्या बाजारातून लष्करी भंगारातली तार आणली. उंब्रजच्या अड्ड्यावर सायकलचं दुकान असलेल्या चाचांकडून सेलवर वाजणारी एक घंटा आणली. विहीर आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, परड्यामागंच. विहिरीकडं जाणाऱ्या पाऊलवाटेवर ह्यांनी गुडघ्याएवढ्या उंचीवर काळा दोरा आडवा बांधला. दोरा ओढला गेला की पत्र्याच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकायच्या, तारेतून करंट यायचा आणि आमच्या सोप्यात घंटा वाजायची. आणि वाजायची म्हणजे काय, म्हैस दोर तोडायची एवढ्या जोरात.

पहिल्यांदा सापडलं ते कुत्रं. मग शेजारच्या काकींची शेळी. मग खुद्द मामंजी. ते दोऱ्यात पाय अडकून मिरच्यांच्या रोपांत पालथे पडले आणि आम्ही काठ्या घेऊन पोचलो. "चोर म्हून मलाच धरताय व्हय रं, भडव्यांनो!" ते ओरडले. मी पदर तोंडात कोंबून हसत होते. हे मात्र हसले नाहीत. वाकून दोऱ्याचा ताण बघत म्हणाले, "चालतंय."

ह्यांचं म्हणणं असं की, आपण केलेली वस्तू चांगली आहे का नाही हे आपल्याला कळत नाही. ती मोडायला निघालेल्या माणसालाच कळतं. म्हणून रोज दुपारी हे स्वतःच चोर व्हायचे. दोऱ्याखालून पोटावर सरपटत जायचे, शेजारच्या उसातून वळसा घालायचे, तारेला चिमटा लावून बघायचे. जिथून जाता आलं तिथं आणखी एक दोरा. पेन्शनीवर आलेला धडधाकट माणूस स्वतःच्याच शेतात पोटावर सरपटतोय, हे बघायला पोरंबाळं बांधावर येऊन बसायची. बायका मला विचारायच्या, "भाऊजींना काय झालंय गं?" मी म्हणायचे, "तब्येत चांगली आहे, तेच झालंय."

वर आणि हे सगळं गुपित ठेवावं की नाही? छे! हॉटेलात चहा पिताना ह्यांनी चारचौघांना घंटा कशी चालते ते समजावून दिलं. कुठून सरपटत जाता येतं, तेसुद्धा. मामंजींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "चोरांची शाळा काढलीस काय रं? त्यास्नी वाट दाखवतूस?"

"आबा, चोराला आज ना उद्या कळणारच," हे म्हणाले. "आपल्या लोकांना कळू द्या की. जेला पायजे तेनं आपल्या विहिरीवर बसवावी. सगळ्यांकडं आसली म्हंजे चोर येनारच न्हाईत."

दोघांचंही मला पटत होतं. मामंजी बोलले की वाटायचं, बरोबर आहे, कुलपाची किल्ली कुणी वेशीवर टांगतं का? हे बोलले की वाटायचं, हेही खरंच आहे. माझं असं कधी होत नाही. माझं मत ठाम असतं आणि ते मी न विचारताच सांगते. त्या घंटेनं मला पहिल्यांदा गप्प बसवलं.

आता काकींचं सांगते. काकी म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. त्यांचं आमचं घर एका भिंतीचं. त्यांचा मुलगाही लष्करात, तिकडं लांब सीमेवर. त्याची बायको घरात. वडूजकडची पोर, विशीतली, कामाला वाघीण, बोलायला मात्र काही नाही. आदल्या थंडीत तिच्या पोटातलं गेलं होतं. काकींनी तिला आठ दिवस शेपू आणि डिंकाचे लाडू घातले, अंगाला तेल लावलं, सगळं रीतीप्रमाणं केलं. मग एका सकाळी म्हणाल्या, "ऊठ बाई आता, हुतं आसं." ती उठली आणि भांडी घासायला बसली. तिचा नवरा तेव्हा सुट्टी संपवून गेलेला. त्या विषयावर त्या घरात पुन्हा कुणी बोललं नाही. काकी वाईट होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांचीही दोन गेली होती, आणि त्याही आठ दिवसांनी उठून भांडी घासायला बसल्या होत्या.

उन्हाळ्यातली दुपार. आमची जेवणं झालेली, पुरुष सोप्यात आडवे. मी पापडाचं पीठ तिंबत होते. घंटा वाजली. कुत्र्याच्या धक्क्यानं वाजली तर टणटण करून थांबायची, तशी नाही, वाजतच राहिली. हे धोतर सावरत उठले, मामंजींनी कुऱ्हाड घेतली, शेजारची चारपाच माणसं काठ्या घेऊन धावली. "आला रं आला! धरा!" मीही पिठाच्या हातानं त्यांच्यामागं पळाले.

विहिरीच्या कठड्यावर ती बसली होती. काकींची सून. पाय आतल्या बाजूला नव्हते, हे मला नक्की आठवतं. पण धड बाहेरच्या बाजूलाही नव्हते. एक पाय वर घेऊन, गुडघ्यावर हनुवटी टेकून, तिरकी बसली होती. पदर तोंडावर. कठड्याजवळचा दोरा तिच्या दुसऱ्या पायाखाली ओढला गेला होता आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. समोर काठ्याकुऱ्हाडींची माणसं बघितली, तशी ती दचकून उभी राहिली आणि तिचा तोल गेला. ह्यांनी पुढं होऊन तिचा दंड धरला.

कुऱ्हाड कुठं ठेवावी हे मामंजींना कळेना. मग कुणीतरी म्हणालं, "उडी मारायला आलीती."

बस्स. एवढं एक वाक्य. ते म्हटल्याबरोबर तेच खरं झालं. कुणी तिला विचारलं नाही, "बाई, कशाला आलीवतीस?" विचारायचं काय त्यात? बाई, विहीर आणि भरदुपार, लोकांनी हिशेब करून टाकला. मीच तिला पिठाच्या हातांनी धरून घरी नेलं, आणि वाटेत मीसुद्धा विचारलं नाही. काय विचारायचं तेच सुचेना.

संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं की घंटेनं जीव वाचवला. काकी रडत आल्या. आमच्या सोप्यात खुंटीवरच्या त्या घंटेला त्यांनी हळदकुंकू लावलं, पुढं नारळ फोडला. नारळाचं पाणी सेलांवर गेलं, आणि हे घाईघाईनं धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. कुणी हसलं नाही. लांबलांबून माणसं घंटा बघायला आली. पुढच्या काही आठवड्यांत ह्यांनी आजूबाजूच्या बऱ्याच विहिरींवर घंटा बसवून दिल्या. कुणाकडून काही घेतलं नाही. ह्यांचा चेहरा असा काही उजळला होता की बघत राहावं. लष्करात काय केलं हे ह्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं.

आणि मग काकी पुन्हा आल्या.

"बाबा, येक आमच्याबी दाराला बसव," त्या ह्यांना म्हणाल्या. "परड्याच्या दाराला आन् म्होरच्या दाराला. ती भाईर पडली की वाजली पायजे. मी म्हातारी कुटंकुटं बगू? डोळा लागला तर? पोरगा माजा तिकडं. त्येला मी काय त्वांड दावू?"

काकींनी पदर डोळ्याला लावला. "तूच वाचवलीस तिला. आता उद्या काय झालं, तर म्हनशील का, मी न्हाई म्हनलो हुतो म्हून?"

काकी गेल्यावर आमच्यात जे जुंपलं! मी म्हटलं, "सून आहे का म्हैस? दाराला घंटा लावायची? ती परड्यात जाणार, अंगणात जाणार, प्रत्येक वेळी टणटणाट? तुम्ही चोरासाठी केलीत ना ही?"

"आगं, जीव जास्त मोलाचा का मोटार?" हे म्हणाले.

"पण ती जीव द्यायला गेली होती, हे कुणी सांगितलं?"

"मग विहिरीवर कशाला गेलीवती?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी कशाला जायचे?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी थांबायला पाहिजे होतं, पण मला कुठं थांबता येतंय! "तुम्ही तिकडं बर्फात होता, आणि मी इथं ह्याच विहिरीवर जाऊन बसायचे. दुपारची. तिथं कुणी येत नाही म्हणून. तेव्हा सासूबाई होत्या, घरात रडलं तर त्या विचारायच्या, काय झालं, आणि मला काय झालंय ते सांगता यायचं नाही. म्हणून तिथं रडायचे आणि तोंड धुऊन यायचे. उडी मारायचं कधी मनातसुद्धा आलं नाही."

ह्यांचा चेहरा पडला. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. हे म्हणाले, "मला कधी सांगितलं न्हाईस."

"तेव्हा घंटा नव्हती," मी म्हटलं.

रात्री कुणी धड जेवलं नाही. खरं तर भांडण माझ्या बाजूनं संपलं होतं, पण मला जिंकल्यासारखं काही वाटेना. कारण मी रडून परत यायचे, हे माझं झालं. तिचंही तसंच असेल कशावरून? तिचा तोल गेला तो माणसं बघून गेला, का आधीच जायच्या बेतात होता? घंटा वाजली नसती तर ती तोंड धुऊन घरी आली असती, का आलीच नसती? आणि मी घंटा बसवू दिली नाही, आणि उद्या खरंच काही झालं तर? काकी ह्यांना बोलल्या ते मलाही लागू होतंच की. उलटसुलट विचार करून माझं डोकं पिकलं.

सकाळी हे म्हणाले, "तूच विचार तिला. दुसऱ्या कुणाला विचारता येनार न्हाई."

इतकं साधं होतं, आणि तोवर आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. घंटेला हळदकुंकू लावून झालं, पण पोरीला कुणी विचारलं नव्हतं.

काकी बाजाराला गेल्याचं बघून मी गेले. ती चुलीपुढं बसून लसूण सोलत होती. मी आडपडदा न ठेवता सांगितलं. सासू दाराला घंटा बसवा म्हणते, आमचे हे तयार नाहीत, मीही नाही. तुझं काय म्हणणं आहे? आणि त्या दिवशी तू खरंच... ते वाक्य मला पुरं करता आलं नाही.

ती लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, "वैनी, मला ठावं न्हाई."

"म्हणजे?"

"त्येच बगायला गेलेवते. बसले हुते. आजून काय ठरलं नव्हतं. तवर तुमी समदी आलासा, आन् समद्यांनी ठरवून टाकलं." एक पाकळी सोलून म्हणाली, "आता मलाबी वाटतंय, तसंच आसंल."

मी म्हटलं, "बरं, मग घंटा नको ना? मी सांगते काकींना. माझं तोंड त्यांना माहीत आहे."

"न्हाई. बसवा की."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अगं, तू पाऊल बाहेर टाकलंस की वाजेल ती! वाडी गोळा होईल!"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "व्हय. त्या दिशी वाजली, तवा समदी पळत आली. हातातलं टाकून. तुमच्या हाताला पीठ हुतं." मग पुन्हा खाली बघत म्हणाली, "बाळ गेलं तवा कोन आलंवतं पळत?"

मी भिंतीपलीकडंच तर होते. आठ दिवसांत दोनदा जाऊन आले होते, एकदा लाडवाला डिंक द्यायला आणि एकदा उगीच. त्या वेळी तेवढंच पुष्कळ समजत होते सगळे. मी तिच्यापुढच्या लसणाच्या चार पाकळ्या सोलल्या आणि घरी आले.

ह्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. हे खूप वेळ विडी न पेटवता तोंडात धरून बसले. मग उठले आणि तार मोजायला लागले. मला वाटलं, बसवणार वाटतं दाराला. मी कडाकडा बोलायला तोंड उघडलं, तर हे म्हणाले, "दाराला न्हाई. बटन करतो. तिच्या चुलीपशी. वाजायची ती हितं, आपल्याकडं. तिला पायजे तवा ती वाजवंल."

"आणि काकी?"

"काकींना सांगू, दाराला तार पुरत न्हाई."

काकींना ते पटलं नाही. म्हणाल्या, "बाबा, ज्येला धरायचं त्येच्याच हातात दोरी देतूस व्हय?" मग बोलत राहिल्या, की तिनं दाबलंच नाही तर काय, आणि जिला जायचंय ती कशाला बटण दाबेल. खोटं नव्हतं त्यांचं. हे मान डोलवत राहिले आणि भिंतीच्या भोकातून तार ओवत राहिले. मलाही आतून धाकधूक होती. आम्ही पोरीचं भलं करतोय का तिच्या जिवाशी खेळतोय, हे मला सांगता आलं नसतं, आणि ह्यांना तरी कुठं सांगता येत होतं? बटण बसवून झाल्यावर हे नुसते त्याच्याकडं बघत उभे राहिले. विहिरीवरचं प्रत्येक काम ह्यांनी स्वतः चोर होऊन तपासलं होतं. हे कसं तपासायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाकऱ्या थापत होते. एक तव्यावर होती, एक हातात. घंटा वाजली.

मी हातातली भाकरी कुठं टाकली मला आठवत नाही. परड्यातून, शेणाच्या ढिगावरून, अनवाणी पळत गेले. काकींच्या स्वयंपाकघराचं दार ढकललं तेव्हा छाती फुटायला आली होती. ती चुलीशेजारी बसून सुपात हरभऱ्याची डाळ निवडत होती. डोळे कोरडे. चूल पेटलेली. सगळं जागच्या जागी.

"काय गं? काय झालं?"

"काय न्हाई."

"मग वाजवलीस का?"

तिनं सूप खाली ठेवलं. "म्हनलं, बगावं," ती म्हणाली, "येताय का."

माझा असा संताप झाला! एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि त्याच क्षणी तिला कुशीत घ्यावंसं वाटलं, आणि ह्यातलं कुठलंच मला करता येईना. ती घंटा खरी वाजली होती का खोटी, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. मी दारात तशीच धापा टाकत उभी राहिले. शेवटी मला सुचलं ते एवढंच.

"तिकडं माझी भाकरी जळाली," मी म्हटलं.

"मग हितंच खावा की," ती म्हणाली, आणि ताट घ्यायला उठली.